सहा ठिकाणच्या पाण्याची थरथर

आधीच सांगतो, मला यातलं किती नीट आठवतं याची खात्री नाही. मी संख्याशास्त्रात पीएच.डी. केली, आणि तिचा खरा उपयोग एवढाच झाला की स्वतःच्या आठवणीवरही विश्वास बसत नाही. महाडच्या आमच्या छोट्या ऑफिसात पाणी मोजायचं काम चाले. नदीचं, विहिरींचं, झऱ्यांचं आणि पावसाचं. तिथले किस्से एकावर एक साचत गेले. विहिरीत पानं साचतात तसे. वरचं पान उचललं की खालची आपोआप हलतात.

माझं काम आमच्या सहा मोजणी केंद्रांपैकी कोणत्या केंद्राचे आकडे रोज किती थरथरतात ते बघायचं. नदी तीस सेंटिमीटर हलली आणि झरा दोन सेंटिमीटर, तर जास्त कोण हललं? हे नुसतं बघून कळत नाही. ज्याचं त्याचं आकारमान धरून भागाकार करावा लागतो. हे मी हेडक्लार्क सबनीसांना तीन वर्षं समजावत होतो. ते दर वेळी म्हणायचे, "डॉक्टर, कळलं. पण उद्या परत सांगा."

*

बाबू चहावाला दर दोन तासांनी यायचा. कधी दहा मिनिटं आधी, कधी दहा मिनिटं उशिरा. आमचे मोठे साहेब अलिबागहून महिन्यातून एकदा, एक तारखेला यायचे. कधी पाच दिवस आधी, कधी पाच दिवस उशिरा.

एकदा साहेबांनी बाबूला झापलं. "वेळेचं काही भान?"

मी कागदावर सहज भागाकार केला आणि, देव जाणे का, मोठ्याने वाचला. "बाबू दोन तासांत दहा मिनिटं चुकतो, म्हणजे एक बारांश. साहेब तीस दिवसांत पाच, म्हणजे एक षष्ठांश. साहेब दुप्पट..."

मी कागदाची घडी करून खिशात टाकली.

साहेब शांतपणे म्हणाले, "मग याला साहेब करा आणि किटली माझ्याकडे द्या."

बाबू म्हणाला, "देतो की! पण सायब, तिला खालून धरायचं नाय. चटका बसतो."

*

मग ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत मीनल आली. ती इतके सुंदर आलेख काढायची की दुपारभर नुसतं बघत बसावं. निळ्या रेषा, पांढरं पान, खिडकीबाहेर धुकं. रेषा कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो, कळायचं नाही.

पण तो कॉम्प्युटर प्रत्येक आलेख ताणून पानभर करायचा. शिवथरच्या एका झऱ्याचं पाणी महिन्यात दोन सेंटिमीटर हललं होतं. कागदावर सह्याद्री उभा राहिला!

साहेब ओरडले, "अरे, तिकडे हाहाकार माजलाय आणि तुम्ही इथे बसलात?" मी आणि सबनीस जीपने धावलो. झऱ्यापाशी एक म्हातारबा पाय सोडून बसले होते. सबनीसांनी धापा टाकत विचारलं, "बाबा, पाण्याला काय झालं?"

म्हातारबांनी पाण्याकडे बघितलं. मग आमच्याकडे. "पानी हाय तिथंच हाय. तुमाला काय झालं?"

*

याच्या उलट पोलादपूरकडचे एक गुरुजी. शाळेच्या अंगणातलं पर्जन्यमापक ते सांभाळत. एका श्रावणात त्यांचे आकडे आले बेचाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. पंधरा दिवस! एवढी कमी थरथर निसर्गात नसते. घरी बसून लिहिणाऱ्या माणसातच असते.

मी घाबरत घाबरत विचारलं, "गुरुजी, पाऊस इतका शहाणा कधीपासून झाला?"

गुरुजी म्हणाले, "माझ्या शाळेच्या अंगणात कोणी दंगा करत नाही!"

*

सबनीसांना एकदा ताप भरला. मी बघायला गेलो. अठ्ठ्याण्णववरून एकशे दोनवर गेला होता. त्यांचं मन रमावं म्हणून मी म्हटलं, "घाबरू नका, वाढ फक्त चार टक्के आहे."

त्यांची मुलगी कॉलेजात होती. ती म्हणाली, "पण काका, सेल्सियसमध्ये धरलं तर सहा टक्के होते."

बरोबर होतं! शून्य कुठे धरलंय त्यावर सगळा भागाकार अवलंबून. दोन्ही मोजण्यांतलं शून्य वेगळ्या जागी, म्हणून ताप तोच पण टक्के वेगळे. शून्य जर खरा तळ नसेल, तर त्या भागाकाराला काही अर्थच नाही.

गोधडीतून आवाज आला, "डॉक्टर, मला फॅरेनहाइटमध्येच आजारी राहू द्या!"

आम्ही पोट धरून हसलो. हसण्याच्या नादात मी ते शून्य विसरलो.

*

त्याच वर्षी वरून आदेश आला. सहा केंद्रांतलं एक बंद करा. ज्याचे आकडे सगळ्यात बेभरवशाचे, ते.

उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत झऱ्याची विहीर होती. तिथे यशोदाबाई रोज सकाळी आमची तांबडी-पांढरी काठी पाण्यात धरून आकडा लिहायच्या. दोन्ही मुलगे मुंबईला. मानधन नावापुरतं. पण वाडीतली माणसं पाणी भरायच्या आधी त्यांना विचारायची, "काकू, आज किती हाय गो?" आणि त्या आकडा सांगायच्या.

त्यांच्या काठीवर सरासरी पाणी वीस सेंटिमीटर. रोजचा हलकावा सहा. म्हणजे तीस टक्के! महाडच्या नदीची थरथर दहा टक्के होती. मी रात्रंदिवस तपासलं. भागाकार बरोबर होता. मी यशोदाबाईंच्या केंद्रावर काट मारली.

काठी परत करायला त्या स्वतः महाडला आल्या. जुन्या लुगड्यात गुंडाळून आणली होती. टेबलावर ठेवली.

"सायब, मी आकडा बनवत नाय."

"तसं नाही हो, बाई. पण आकडे फार उड्या मारतात."

"मी रोज त्याच दगडावर काठी टेकवते. नाय पटत तर येऊन बघा."

मी "येईन" म्हणालो. गेलो नाही. महाडची मोजपट्टी नदीच्या तळाशी रोवलेली होती. दगडही तळाशीच असणार, असं मी धरून चाललो. त्या निघताना सबनीस मला म्हणाले, "डॉक्टर, भागाकार कळला. पण बाई खोटं बोलणारी वाटत नाही."

*

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, एका वैशाखात, मी त्या वाडीत गेलो. का गेलो, सांगता येत नाही. झोपेत कधीतरी ती गुंडाळलेली काठी दिसायची, एवढंच. विहीर उपसायचं काम चाललं होतं. यशोदाबाई कठड्यावर बसल्या होत्या, केस पांढरे झालेले. त्यांनी मला ओळखलं.

"आलात? बसा. पानी नाय द्यायला, आज इहीर रिकामी हाय."

मग त्यांनी आत बोट दाखवलं. भिंतीतून एक दगड बाहेर आला होता. वापरून वापरून गुळगुळीत झालेली पायरी.

"हितं टेकवायची. तुमची काठी तेवढीशी, तळ कुठला गावतोय तिला!"

मी आत उतरलो. भिंतीला ओलसर गारवा होता आणि वरून चौकोनी आकाश दिसत होतं. दगडापासून तळापर्यंत टेप सोडला. मग, सवयीने, पुन्हा एकदा सोडला.

वरून हाक आली, "किती हो, सायब?"

तीन मीटर चाळीस सेंटिमीटर. म्हणजे पाणी वीस नव्हे, तीनशे साठ सेंटिमीटर; त्यात सहाचा हलकावा, दोन टक्केसुद्धा नाही.