घरच्यांचा बाक

सकाळी जिन्यात ओल्या बोंबलांचा वास चढू लागला की दार उघडण्याआधीच मला कळतं, कोळीण आली. पाटी उतरवताना तिची मान अजूनही सवयीने वरच्या मजल्याकडे वळते. वर आता कारखान्यातली पोरं भाड्याने राहतात. पाळीवरून येतात, दार आपटतात, हिंदी गाणी लावतात. त्यांचं तरी काय चुकलं? पण मला त्या दाराकडे बघवत नाही.

तिथे आमचे डॉक्टरसाहेब राहायचे. औषधांचे नव्हेत, विज्ञानाचे. समुद्राचं पाणी, चिखल, मासळी तपासण्यात त्यांचा जन्म गेला. मूळ वसईकडचे, कडक कॅथलिक. रविवारची चर्चमधली मिस्सा अंगात ताप असतानाही चुकवली नाही. निवृत्तीनंतरही मासळी घेताना कुठल्या खाडीची, जाळं कधी टाकलं, अशी उलटतपासणी चालायची. कोळीण वैतागायची, "सायब, बोंबील खायाचा हाय का कोर्टात उभा करायचा हाय?" एकदा मीही खोचकपणे विचारलं, प्रयोगशाळा आणि प्रार्थना एकाच माणसाला जमतात कशा? तर म्हणाले, "बाई, तपासायचा बोंबील एका पिशवीत, जेवायचा दुसरीत. पिशव्या नेणारा माणूस मी एकच." घ्या! मी शाळेत शिकवायचे, म्हणून मला 'बाई' म्हणत.

डोंगरातल्या पाड्यांवरच्या विहिरींचं पाणी त्यांनी वर्षानुवर्षं आपणहून तपासलं. त्या सेवेसाठी पोपमहोदयांनी रोमहून पदक पाठवलं. बिशप स्वतः येऊन चर्चमध्ये ते देणार होते. दुसरा कुणी असता तर आनंदाने गावभर सांगत सुटला असता. हे मात्र माझ्या दारासमोर जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. बायको जाऊन बराच काळ लोटला होता, मुलं परदेशी, कुणालाच येणं जमत नव्हतं. "पहिला बाक घरच्यांचा असतो, बाई. तो रिकामा ठेवून मी पुढे कसा उभा राहू? तुम्ही बसाल?"

मी विधवा, ते विधुर. आमच्या बोईसरच्या तोंडाला काय झाकण आहे? बराच विचार केला आणि शेवटी चिडूनच ठरवलं, बोलू देत. आयुष्यभर लोकांच्या तोंडाकडे बघून तरी मला काय मिळालं होतं? घरभर पसरलेली शांतता, जिच्यात भांडं पडलं तरी विचारायला कुणी नाही.

ठेवणीतलं इरकल नेसून गेले. अख्खा बाक माझ्या एकटीचा. डॉक्टरसाहेब पदक घेताना बिशपांकडे नाही, माझ्याकडे बघत होते. पुढे केव्हातरी लोक रांगेने उठले. फादर प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवत होते. प्रसाद म्हटल्यावर बसून राहणं मला शोभेना. गेले रांगेत, डाव्या तळव्यावर उजवा ठेवून हात पसरला. फादरांनी माझ्या टिकलीकडे पाहिलं, हसले, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना रिक्षात डॉक्टरसाहेबांनी समजावलं, तो ख्रिस्तप्रसाद, स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झालेल्यांनाच देतात. मी फणकारले, "मग आधी सांगायचं नाही का? नाक कापलं गेलं ना माझं!" ते पदकाची डबी मांडीवर धरून हसत राहिले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. "परकं माणूस विचारून उठतं, बाई. तुम्ही घरच्यासारख्या उठलात."

पुढच्या वर्षी ते गेले. मुलं आली, रडली, खोल्या भाड्याने देऊन परतली. मला कुणी काही विचारलं नाही, विचारणार तरी कशाला? शेजारणीला कसलं आलंय सुतक.

रविवारी मी अजून चर्चला जाते. धर्म बदललेला नाही हो. घरच्या गणपतीपुढे दिवा लावूनच निघते. मागे कुठेतरी बसते. रांग उठली की आता बसून राहते. पण मिस्सेत एक वेळ अशी येते, फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या. मग पुढची अनोळखी माणसं मागे वळतात, हात जोडतात, माझ्या डोळ्यांत बघून म्हणतात, तुम्हांला शांती असो. एक ती कोळीण सोडली, तर आठवडाभरात माझ्याकडे वळून कुणी बोललेलं तेवढंच. तेवढ्यासाठी जाते मी.