पूर्णिमाची थेअरी आणि बाळाबाईंचे हात

कसबा बावड्यात माझे ब्लाउज पूर्णिमा शिवते. हात चांगला, वेळेवर कधी देत नाही, आणि तोंड मशीनपेक्षा जोरात चालतं. गेली दोन वर्षं ते तोंड एकाच विषयावर आहे. मोबाईलवर ऐकायची एक मालिका: मंतरलेलं तळं, शाप, रात्री दगड होणारे सैनिक. पूर्णिमाला गोष्टीपेक्षा गोष्टीच्या पोटात काय दडलंय याचं वेड. तिच्या थेअऱ्या ऐकायला बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुपच झाला. हुक लावता लावता ती त्यावर बोलून पाठवायची.

मालिकेत एक दाई होती. राजकन्येला रोज तेल लावायची, मोबदला घ्यायची नाही, सगळ्यांची लाडकी. पूर्णिमा म्हणाली, "जी फुकट राबती, तिचाच हेतू बघायचा. ही तेलातनं पोरीचं आयुष्य ओढून घेतीया." पुढे नेमकं तेच निघालं. ग्रुप दुप्पट झाला. बायका तिला रस्त्यात अडवून विचारू लागल्या, सेनापती खरंच मेलाय का. मीही विचारलं, खोटं कशाला सांगू.

याच सुमारास तिच्या भावजयीला, क्रांतीला, मुलगी झाली. गल्लीतल्या बाळाबाई रोज येऊन बाळाला तेल लावत, पायांवर घेऊन न्हाऊ घालत. एकट्या बाई, चार घरच्या बाळांना न्हाऊ घालायचं, त्यावरच त्यांचं चालतं. क्रांतीकडून मात्र पैसे घेईनात. "शेजारची पोर, तिचं काय घ्यायचं," एवढंच.

एका सकाळी बाळाला ताप आला. पूर्णिमानं ग्रुपवर आवाज टाकला, "आमच्याकडं बी एक दाई हाय बरं का. पैसे घेत न्हाय, तेल सवताच्या घरातनं आणती, आन आज पोर तापलीया. काढा थेअरी."

हसरे चेहरे धडाधड आले. मग तो आवाज ग्रुपबाहेर गेला आणि हसणं मागे राहिलं. आठवडाभरात बाळाबाईंना एकेका घरानं नको म्हणून सांगितलं.

मी ब्लाउज आणायला गेले तर मशीन बंद, पूर्णिमा भिंतीला टेकून बसलेली.

"आदल्या दिवशीच दीड महिन्याचा डोस दिलता," ती म्हणाली. "मीच गेलतो क्रांतीसंगं. ताप येणार म्हणून नर्सनं सांगितलंतं."

"मग हे बोललीस कशाला?"

"गंमत म्हणून. आन डोस थेअरीत बसत न्हवता, मॅडम."

एक ठेवून द्यावीशी वाटली. "आता तोच डोस ग्रुपवर सांग. आत्ता, माझ्यासमोर."

तिनं सांगितलं. नीट, अडखळत सांगितलं. उत्तर आलं, "म्हातारीनं हिला बी तेल लावलं वाटतं." दुसरीनं लिहिलं, "गोष्टीतल्या दाईनं बी आधी ओरडणारीचंच तोंड बंद केलतं, ध्यानात हाय न्हवं?" असं ऐकायला पूर्णिमानंच त्यांना शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती घरोघर जाऊन सांगून आली. सगळीकडे चहा मिळाला. "आमचं काय न्हाय गं, सासूबाईच ऐकत न्हाईत."

शेवटी क्रांतीला आणि बाळाला घेऊन ती बाळाबाईंकडे निघाली. एकटीला धीर होईना, म्हणून मला ओढलं.

"मावशी, हितंच दारात पोरीला न्हाऊ घाला," पूर्णिमा म्हणाली. "सगळ्यांनी बघू दे. पाणी मी तापवतो."

बाळाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. "घालीन की. उद्या शिंकली म्हंजे?"

"मी सांगीन सगळ्यांना."

"सांगितलंस की गं तू. दोनदा सांगितलंस. पयलं ऐकलं लोकांनी."

पूर्णिमा रडायला लागली. "रडू नगंस," बाळाबाई म्हणाल्या, "पोर भेदरती."

क्रांतीच्या मांडीवर बाळ पाय झाडत होतं. बाळाबाई वाकून बघत होत्या, हात मात्र पदराखाली. "मानेच्या वळीत तेल साचलंय बघ," त्या क्रांतीला म्हणाल्या. "पुसून घेत जा. आन पाठ चोळल्याबिगर पाणी घालू नगंस."

"मला येत न्हाय, मावशी," क्रांती म्हणाली. "लई निसटती."

"मी लावू का?" पूर्णिमानं विचारलं.

"लाव," बाळाबाई म्हणाल्या. "तुला कोण काय म्हणतंय."