वाळूतले दोन डोळे

याकोमिनाने एकतीस वर्षं गावची बस चालवली. न येणाऱ्या माणसांची वाट बघणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. निवृत्तीनंतर तिने तोच धंदा पाण्याखाली चालू ठेवला.

बांधाच्या पायऱ्या उतरून चार मीटर खाली गेलं की नेदरलंड्समधल्या ऑस्टरस्खेल्ड खाडीची वाळू लागते. तिथे मे महिन्यात तिला अंगठ्याएवढं माकुल, म्हणजे चिमुकला स्क्विड, दिसलं. फोटो हलला. पाणबुड्यांच्या क्लबात नियम साधा होता : फोटो नाही, तर प्राणी नाही. नोंदवही शेजारच्या क्रैनकडे असे. त्याने लिहिलं, ‘बहुधा शेवाळ.’ बस उशिरा आली तरी तिच्या शब्दावर गावाने कधी शंका घेतली नव्हती. हे तिला लागलं.

सप्टेंबरात दोघं पुन्हा पायऱ्यांवर उभी होती.

“आज तुझं शेवाळ भेटणार का?” टाकी पाठीवर चढवत क्रैनने विचारलं.

“भेटलं तर ओळख करून देते. हात लावायचा नाही.”

“बोटाने ढोसलं की येतं बाहेर.”

“तुला ढोसून उठवल्यावर तुझा फोटो चांगला येतो का रे?”

भरती थांबून ओहोटी लागेपर्यंत वीसेक मिनिटं पाणी उभं राहतं. तेवढीच मुदत. तळाशी दिवा मंद करून ती वाळूवर पालथी पडली. एका कोळंबीने तिचा हातमोजा तपासून नापसंत केला. मग शेवाळं समुद्राकडे झुकू लागली. क्रैनने घड्याळावर बोट आपटलं, आपटता आपटता थांबला आणि तिच्या कोपराकडे दाखवलं.

माकुल तिच्याच सावलीत बसलं होतं. किती वेळ, देव जाणे. तिने तसूतसूने कॅमेरा वळवला. तेवढ्यात ते वाळूत रुतलं आणि त्याने दोन बाहूंनी, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, गोधडी ओढावी तशी वाळू अंगावर ओढून घेतली. तिने बटण दाबलं.

वर कॉफीबरोबर बोलस हे दालचिनीचे चिकट गोड पाव खाताना क्लबातली हेंड्रिना कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली. “वाळू छान आलीय.”

“डोळे दिसत नाहीत?” क्रैन म्हणाला. “हा एक, हा दुसरा. चष्मा पूस.”

“नियम तुझाच आहे, बाबा.”

“फोटो आहे की.”

दुसरा डोळा शिंपल्याचा तुकडा असावा, असं याकोमिनाला वाटत होतं. पण तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं.

क्रैनने नोंदवही उघडून मे महिन्यातलं ‘बहुधा शेवाळ’ खोडलं.

“वाळू ओढताना माकुलाने आधी कुठला हात उचलला?” तिने विचारलं.

“डावा,” मान वर न करता तो म्हणाला.