तपासणीच्या खोलीत फिलोमिना

दुपारी जेवून हातात फोन घेऊन कोचावर आडवी होते. शेजारच्यांच्या कुकरची एक शिट्टी होते, दुसरी होते. तिसरी वाजते ती मैदानातली असते.

फिलोमिना माझ्या पुढे धावतेय. हल्याळच्या जंगलातली सिद्दी मुलगी, मूळ आफ्रिकी वंशाची, काळीभोर, रुंद खांद्यांची. बेळगावच्या वसतिगृहात चार वर्षं माझ्याच खोलीत होती. मागच्या वर्षी ती काविळीने गेली, हे मला धावतानाही ठाऊक आहे. आठशे मीटरला ती पहिली येते, मी दुसरी. तेव्हा आलो होतो तशाच.

रेषेच्या पलीकडे वसतिगृहाचं न्हाणीघर आहे. ती नळाखाली डोकं धरून उभी आहे.

"वैजू, अर्ज तू लिहिलास ना?"

मी सांगते की आमच्या प्रशिक्षकांनी, रणनवरे सरांनी लिहायला लावला. ही मुलगी वाटत नाही, हिची तपासणी करा, एवढंच होतं त्यात.

"एवढंच," ती म्हणते आणि माझं मनगट धरते.

न्हाणीघराचं दार तपासणीच्या खोलीत उघडतं. ही खोली मी कधी पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. एक डॉक्टर, तीन पंच, दारात सर. इथे तिला तासभर उघडं उभं केलं होतं. ती मुलगीच आहे असा अहवाल आला, पण पेपरात छापून आला तो फक्त संशय. पुढच्या शर्यतीत लोक तिला 'दादा' म्हणून ओरडले. त्यानंतर ती धावली नाही.

"चढ टेबलावर," फिलोमिना म्हणते.

मी चढते. बटणाला हात घालते तर डॉक्टर मान वर न करताच म्हणतात, "तू उतर गं. तू मुलगी आहेस हे दिसतंय की." सगळे हसतात. सुटले म्हणून मीही हसते.

फिलोमिना हसत नाही. "छाती तुलाही नव्हती. ओठावर लव तुलाही होती. तू गोरी, म्हणून तुला कुणी विचारलं नाही."

मी माफी मागायला लागते.

"माफ करायला आले नाही मी. बोल. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल."

मी बोलते. तिच्या जागी राष्ट्रीय शिबिराला पाठवतो म्हणून सरांनी मला दिलेला शब्द. दारात उभं राहून त्यांनी काय काय पाहिलं आणि संध्याकाळी आम्हा मुलींना ते कसं हसत सांगितलं. माझा आवाज खाली गेला की ती तेवढं वाक्य पुन्हा म्हणायला लावते. सरांचं नाव तीनदा. मग माझं.

जाग येते तेव्हा घसा कोरडा पडलाय आणि हातात फोन तापलाय. जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर माझ्या आवाजातला निरोप गेलाय, साडेसहा मिनिटांचा. खुणा निळ्या झाल्यात. वर अक्षरं उमटतात: रणनवरे सर टाइप करत आहेत. थांबतात. पुन्हा सुरू होतात.

निरोप अजून पुसता येईल. मी फोन टेबलावर ठेवते, उठून पाणी पिते आणि त्यांना टाइप करू देते.