जिताड्याचे खवले

अलिबागच्या बाजारात शेजारच्या रिबेकामावशींनी जिताडा उचलला आणि शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवला. "खवले आहेत. आम्हा यहुद्यांना खवल्यांचाच मासा चालतो गं."

मी थरारलेच! वाळवंटात मेंढ्या राखणारे यांचे पूर्वज. समुद्र ओलांडला म्हणतात, तोही पाणी दुभंगलं म्हणून कोरड्या पायांनी, आणि नियम केला माशांचा! पुढे त्यांच्या वंशजांचं जहाज म्हणे याच किनाऱ्याशी फुटलं. पोथ्या बुडाल्या, मोजकी माणसं वाचली, आणि एवढा जुना नियम या अंगठ्यात शाबूत!

"मावशी, तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

"आईनं. इथेच, बाजारात." असं म्हणून त्यांनी माझा अंगठा धरला आणि जिताड्यावर उलटा फिरवला.

खरखर लागली. अगदी ताजी.