बॉनेटवरचा हात

ईशान, रेवा,

दत्तूभाऊ इंजिनाचा आवाज दातांनी ऐकायचे. हातभर लांबीची शिसवी काठी होती त्यांची. एक टोक चालू इंजिनावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. रेल्वेच्या वर्कशॉपात उभी हयात काढून त्यांचे कान जवळजवळ गेले होते. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ओळखत. त्यांना असं काठी चावताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला हसू आलं.

"हसू नका वहिनी," ते ओरडले. ते नेहमी ओरडूनच बोलत. "कान गेले त गेले, दात शाबूत हायेत. इंजिन दाताशी खोटं नाई बोलत."

आमच्या दोघांच्या अंगणांमधली भिंत एकच. निवृत्तीनंतर त्यांनी अंगणात गॅरेज मांडलं होतं. भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, आणि पाना त्या आकृतीवरच टांगायचा. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमचं जमलं ते याच कारणाने.

त्यांचा सर्वांत कडक नियम खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यारांची पूजा. सगळे पाने धुऊन पाटावर मांडायचे, वर झेंडू वाहायचा. अंगणातल्या सगळ्या गाड्यांच्या बॅटऱ्या आदल्या संध्याकाळीच काढून ठेवायच्या. दुसऱ्या दिवसापर्यंत कशालाही हात नाही. एका खंडेनवमीला माझी गाडी फाटकातच बंद पडली. मी भिंतीवरून विनवण्या केल्या. "रिक्षा करा," एवढंच उत्तर मिळालं. "हत्यारालेही एक दिवस झोप पाहिजे. झोपलेल्याले उठवलं त थे चावते."

त्यांची एकुलती एक मुलगी मंदा. अभनपूरच्या शाळेत शिकवते, रोज आपल्या मोतिया रंगाच्या छोट्या हॅचबॅकने जाते-येते. एकदा ट्रकला मागे टाकताना गाडीचा दम संपला आणि समोरून दुसरा ट्रक आला. थोडक्यात वाचली. आठ दिवसांनी दत्तूभाऊंनी गुढियारीच्या एका कबाड्याच्या भंगारातून चेंदामेंदा झालेली स्पोर्ट्स कार ओढून आणली.

"हिचं इंजिन मंदीच्या गाडीत टाकतो," ते म्हणाले. "मंग कोणता ट्रक आडवा येते थे पाहू."

"भाऊ, कागदपत्रं? परवानगी? आणि एवढ्याशा गाडीला एवढं इंजिन!"

"काहून? लहान पोरीच्या छातीत मोठं काळीज राहत नाई का?"

त्या गाडीचा मालक अभनपूरच्या रस्त्यावरच अपघातात गेला होता, हे त्यांना माहीत होतं. कबाड्याने सांगितलेली गोष्ट त्यांनी मला कौतुकाने ऐकवली. सकाळी लोक पोचले तेव्हा गाडीत जिवंत असं काही उरलं नव्हतं. फक्त उजवा इंडिकेटर तेवढा लागत-विझत होता. "एवढा मार खाऊनही टिक-टिक चालूच! काय माल हाये, वहिनी!"

तीन महिने ते काम चाललं. पुढचा भाग कापून रुंद केला, इंजिन टेकवायला नवे पाये जोडले, स्प्रिंगा आणि ब्रेक बदलले, ते मावावं म्हणून बॉनेटला कुबड आणलं. जुनं छोटं इंजिन तेल लावून, पोत्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. नवं चालू झालं तेव्हा माझ्या कपाटातल्या काचेच्या बश्या थरथरल्या. दत्तूभाऊ काठी दातांत धरून बराच वेळ वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

मंदा पंधरा दिवस ती गाडी चालवत होती. एका संध्याकाळी भिंतीपाशी उभी राहून ती तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली, "बाबा, अभनपुर से पहले एक जगह गाड़ी खुद धीमी हो जाती है. जैसे मुड़ना चाहती हो. वहाँ तो मोड़ ही नहीं है. सिर्फ खेत हैं."

"पाय ढिला पडत असन तुया."

"रोज़? उसी जगह?"

त्यांनी सगळं उघडून तपासलं. दोष सापडला नाही. "इंजिन साफ हाये," ते मला म्हणाले, जरा जास्तच जोरात. इंजिनाबाबत आपण चुकलो, असं ते जन्मात कधी म्हणाले नव्हते.

नवरात्रात मंदाच्या शाळेला सुट्टी होती, तेव्हा गाडी तीन दिवस अंगणात उभी होती. खंडेनवमीच्या सकाळी मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन पलीकडे गेले. पान्यांची पूजा झाली. मग बॉनेटवर स्वस्तिक काढायला मी डाव्या हाताचा आधार घेतला आणि हात मागे ओढला. पत्रा गरम होता.

गाडी सावलीत होती. शेजारच्या दोन गाड्यांना मी हात लावून पाहिला; थंड. मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलेली बाई आहे, प्रत्येक गोष्टीचं कारण शोधते. मला एकही सापडलं नाही. मी दत्तूभाऊंना खूण केली.

त्यांनी पत्र्याला हात लावला, बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती. ते घरात जाऊन काठी घेऊन आले, टेकवली, दातांत धरली. त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. मग काठीचं टोक पदराने पुसून घ्या म्हणत त्यांनी ती मला दिली.

"तुमचे कान चांगले हायेत. तरी दातानंच ऐका."

मुलांनो, मी ऐकलं. कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. पण दातांमध्ये अगदी सावकाश, एकसारखं येत होतं: टिक, टिक, टिक. वळायची वाट पाहत थांबलेल्या गाडीसारखं.

तेवढ्यात मंदा चहा घेऊन आली. "परवा शाळा सुरू होते बाबा. बॅटरी उद्या लावून द्याल ना?" एरवी हिंदीत बोलणारी ती त्या दिवशी मराठीत बोलली, सणाचा दिवस म्हणून असेल.

दत्तूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. मग पाटापाशी जाऊन झेंडूची फुलं बाजूला सारली आणि कुंकू लागलेला मोठा पाना उचलला.

"बाबा! आज तो हाथ नहीं लगाते ना?"

"आज लावतो," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "चुकलो मी."

दिवस मावळायच्या आत साखळी-कप्पीने त्यांनी ते इंजिन एकट्याने बाहेर काढलं. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याचा तुकडा न् तुकडा सुटा केला आणि वेगवेगळ्या कबाड्यांकडे दिला. "सगळं एका जागी नको," म्हणाले. पोत्यातलं छोटं इंजिन पुन्हा गाडीत बसलं. मंदाला त्यांनी एकच सांगितलं: "ट्रकच्या मागं राय. उशीर झाला त होऊ दे."

दोन वर्षांनी ते झोपेतच गेले. जायच्या आदल्या आठवड्यात काठी माझ्या हाती देऊन म्हणाले, "मंदीले सांगू नका. पण निघायच्या आधी पाहत जा."

ती काठी माझ्या टेबलाच्या खणात आहे, चिठ्ठी लावून. ती मी पुन्हा दातांत धरली नाही. मात्र रोज सकाळी, मंदा बाहेर यायच्या आधी, मी भिंतीपलीकडे जाऊन बॉनेटवर हात ठेवते. थंड असतं. मग मी तिला टाटा करते.

आजवर फक्त एकदाच मी तिला बसने पाठवलं.