मावशीच्या तोंडी दुसरीचा आवाज

थिएटरच्या मशीनला साधी व्हिडिओ फाइल चालत नाही. चित्र आणि आवाज वेगवेगळे बांधून एक फोल्डर तयार करावं लागतं. त्याला डीसीपी म्हणतात. नांदेडच्या माझ्या खोलीत एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून मी आमच्या सिनेमाचा डीसीपी काढला, पूर्ण पाहिला आणि हार्ड डिस्क दिग्दर्शकाच्या हातात दिली. एक प्रत माझ्याजवळ ठेवली.

सिनेमात आईचं काम मुखेडच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या मावशीनं केलं होतं. आवाज खरखरीत, बोलणं तुटक. एडिटिंग करता करता तिची वाक्यं मला पाठ झाली होती.

लातूरच्या पहिल्या खेळाला मावशी नवं लुगडं नेसून, लेकीसुनांना घेऊन आली. मी शेजारीच बसले. पडद्यावर ती दारात उभी राहिली, तोंड उघडलं, आणि बाहेर आला भलत्याच बाईचा गुळगुळीत आवाज. "नाही रे बाळा, असं बोलू नये." शूटिंगच्या वेळी मावशी म्हणाली होती, "न्हाई रं, आसं बोलू न्हाई."

मावशीनं माझा हात धरला. "बाई, ही कोण बोलायलीय?"

मी तशीच उठून बाहेर आले. दिग्दर्शक फोटो काढून घेत होता. मूळचा इथल्याच, लातूरजवळच्या मुरुडचा माणूस!

"आवाज कुणी बदलला?"

"पुण्यात डब करून घेतला. नवा डीसीपीही तिथंच काढला. तिचं बोलणं बाहेर कुणाला कळणार?"

"तिला विचारलं?"

"तिला काय विचारायचं? चेहरा ठेवलाय ना तिचा."

तिथं अजून थांबले असते तर हात उचलला गेला असता. माझी डिस्क घेऊन प्रोजेक्शनच्या खोलीत गेले. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, चढवायला वेळ लागतो. पुढच्या खेळाला लावतो." तेवढ्यात दिग्दर्शक ओरडत आला.

"अडव मला," मी म्हटलं. "मावशीला स्टेजवर बोलावते आणि लोकांनाच विचारते, हा आवाज कुणाचा."

तो दारातून बाजूला झाला. डिस्क लागली.

मावशीला थांबा म्हणून खूप विनवलं. ती म्हणाली, "लेकीसुनांपुढं मुकी केली की मला. आता कशाला बसू?" आणि एसटीनं निघून गेली. पुढचा खेळ तिच्या आवाजात झाला. लोक पोट धरून हसले, डोळे पुसले. मला मात्र तिथं बसवेना.

नंतर दिग्दर्शकाचा फोन आला, नव्या सिनेमाचं काम घेऊन, जणू काही घडलंच नव्हतं. मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.